‘परमाणु’ : कोशातील अर्थ

पाली ग्रंथांत ‘परमाणु’ शब्द आढळताच आधुनिक अणुविज्ञानाचा पुरावा सापडला, असे मानण्याचा मोह होतो. बाराव्या शतकातील मोग्गल्लान स्थविरांचा ‘अभिधानप्पदीपिका’ हा कोश पाहिल्यास तो ओसरतो. तेथे परमाणु हे लांबीचे माप आहे. ३६ परमाणूंचा एक अणु; पुढे ३६-३६ पटींनी तज्जारी, रथरेणु (रथाने उडालेली धूळ) व लिक्खा; नंतर ७-७ पटींनी ऊका, धञ्ञमास व अंगुल. लिक्खा व ऊका म्हणजे आपल्या मराठीतील लीख व ऊ. एका अंगुलात ५७ कोटींहून अधिक परमाणु होतात. पण ही संख्या गुणाकाराची आहे, प्रयोगाची नव्हे. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत उन्हात तरंगणारी धूळ डोळ्यांना दिसते; त्याखालील पायऱ्या कोशकाराने कल्पनेने मोजल्या. पारखून स्वीकारा, ही कालामसुत्ताची शिकवण कोशालाही लागू आहे, असे आम्हांस वाटते.