दहा नंबर कुणाचा?

आष्टी तालुक्यातल्या सर्वांत मोठ्या खेळाडूचा नंबर कोणता, असं विचारलं तर तालुक्यातला एकही माणूस उत्तर देऊ शकणार नाही. अविनाश साबळेला कायमचा नंबरच नाही. मांडव्याचा हा धावपटू तीन हजार मीटरची स्टीपलचेस पळतो, म्हणजे एका शर्यतीत 28 वेळा अडथळा आणि 7 वेळा पाण्याचा खड्डा ओलांडतो. या खेळात प्रत्येक स्पर्धेचे आयोजक नवा बिब देतात. तो पिना लावून छातीवर टाचायचा, चड्डीच्या बाजूला एक छोटा आकडा चिकटवायचा आणि शर्यत संपली की दोन्ही काढून टाकायचे. चड्डीवरचा आकडा असतो अंतिम रेषेवरच्या कॅमेऱ्यासाठी, कोण कितवा आला हे चित्रात ओळखू यावं म्हणून. 6 ऑगस्ट 2022 रोजी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत केनियाचा अब्राहम किबिवोट 8 मिनिटं 11.15 सेकंदांत पोचला आणि साबळे 8 मिनिटं 11.20 सेकंदांत. पापणी लवायच्या आत संपणारा हा फरक. त्या दिवशी साबळेच्या अंगावर कोणता आकडा होता हे आज कुणाच्या लक्षात नाही. वेळ मात्र पाठ आहे.

सांघिक खेळात नेमकं उलट घडतं. तिथे नंबर आडनावासारखा चिकटतो. खरं तर त्याचा जन्म निव्वळ सोयीतून झाला. कबड्डीत सात जण एकाच रंगाच्या बनियनमध्ये उभे असतात, धुळीत झटापट होते, चार जण एकाच्या अंगावर पडलेले असतात आणि पंचाला क्षणात निर्णय द्यायचा असतो. तो नाव घेत नाही, नंबर पुकारतो. म्हणून तर आकडा छातीवर निदान चार इंची आणि पाठीवर सहा इंची असावा असा दंडक आहे. खो-खोत गुणलेखकाच्या तक्त्यावरही आकडेच असतात. कोणता संरक्षक किती वेळ टिकला हे त्याच्या नंबरासमोर लिहिलं जातं. पण एकदा का एखाद्या आकड्यातून मोठा खेळ दिसला, की लोक त्या आकड्याला माणसासारखं वागवू लागतात. मग वाद सुरू होतो: सात नंबरात सर्वांत भारी कोण, अठरात कोण, दहात कोण?

या वादाला रिकामटेकड्यांचा उद्योग म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांचं म्हणणं असं, की गोलंदाज आणि फलंदाज यांच्या पाठीवर एकच आकडा आला म्हणून त्यांची तुलना होत नाही. हे खरं आहे. पण ‘सर्वांत श्रेष्ठ खेळाडू कोण’ या प्रश्नावर तीच तीन-चार नावं पुन्हा पुन्हा येतात आणि चर्चा तिथेच अडते. नंबर मध्ये आला की आठवण वेगळ्या वाटेने चालू लागते. एरवी कुणी ज्यांचं नाव काढलं नसतं, अशी माणसं त्या आकड्यापाशी सापडतात. नंबरवरून वाद घालणं हा खेळाचा इतिहास लक्षात ठेवण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे, असं माझं मत आहे. आणि म्हणूनच एखादा नंबर ‘निवृत्त’ करणं, म्हणजे यापुढे तो कुणी घालायचा नाही असं ठरवणं, मला चुकीचं वाटतं. कुलूप लागलं की त्या आकड्याचा इतिहास एका नावावर थांबतो.

बीड जिल्ह्यापुरता हा प्रश्न अगदी ताजा आहे. 6 फेब्रुवारी 2024 रोजी बेनोनीत 19 वर्षांखालील विश्वचषकाचा उपांत्य सामना होता. दक्षिण आफ्रिकेविरुद्ध 245 धावांचा पाठलाग करताना भारताची अवस्था 4 बाद 32 झाली होती. तेव्हा बीडचा सचिन धस मैदानात आला आणि उदय सहारनबरोबर 171 धावांची भागी करून 96 वर बाद झाला. भारताने तो सामना 2 गडी राखून जिंकला. वडिलांनी तेंडुलकरवरच्या प्रेमापोटी मुलाचं नाव सचिन ठेवलेलं, आणि पाठीवर नंबरही 10. हा मुलगा जिथे घडला तिथे पूर्ण टर्फची खेळपट्टी नव्हती. वडिलांनी कर्ज काढून खेळपट्ट्या करून घेतल्या, आणि त्या ओल्या राहाव्यात म्हणून दर दोन-तीन दिवसांनी टँकर मागवावा लागे. टँकर म्हणजे काय हे बीडकरांना समजावून सांगायला नको. ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात हंडे रांगेत लागतात, तिथे क्रिकेटच्या मातीसाठी पाणी विकत आणलं गेलं.

आता हाच मुलगा उद्या भारताच्या मुख्य संघात गेला तर त्याला 10 मिळणार नाही. 31 ऑगस्ट 2017 रोजी कोलंबोत पालघरच्या शार्दूल ठाकूरने एकदिवसीय पदार्पण केलं ते 10 नंबर घालून. त्यावर समाजमाध्यमांत एवढा गदारोळ झाला की त्याने पुढे 54 घेतला, आणि त्याच वर्षी 10 यापुढे कुणाला द्यायचा नाही असं क्रिकेट मंडळाने अनौपचारिकपणे ठरवलं. 2023 मध्ये धोनीच्या 7 चंही तेच झालं. भावना समजण्यासारखी आहे. पण तेंडुलकरचा स्वतःचा इतिहास काय सांगतो? त्याने 99 घातला, 33 घातला, मग तो 10 चा झाला. शिवाय त्याची 51 कसोटी शतकं पाठीवर कोणताही आकडा नसलेल्या पांढऱ्या कपड्यांत झाली, कारण कसोटीत पाठीवर नंबर आले ते 1 ऑगस्ट 2019 पासून. म्हणजे मोठेपण 10 ने दिलं नाही. 10 ला ते तेंडुलकरकडून मिळालं, आणि ते आणखी कुणी घातल्याने त्याच्याकडून काढून घेतलं जाणार नाही.

जगात इतरत्र काय घडलं ते पाहिलं तर हे आणखी स्पष्ट होतं. फुटबॉलमध्ये 10 ला मान आला तो 1958 च्या विश्वचषकात, 17 वर्षांच्या पेलेमुळे. आणि तेव्हा ब्राझीलने खेळाडूंचे नंबर कळवलेच नव्हते, त्यामुळे तो आकडा त्याच्या वाट्याला निव्वळ योगायोगाने आला. पुढे अर्जेंटिनाने मॅराडोनाच्या सन्मानार्थ 10 कायमचा बंद करायचं ठरवलं. 2002 च्या विश्वचषकासाठी त्यांनी 10 वगळून यादी पाठवली तेव्हा फिफाने ती नाकारली, आणि तो नंबर एरियल ऑर्टेगाला मिळाला. 2009 मध्ये खुद्द मॅराडोना प्रशिक्षक असताना 10 मेस्सीच्या पाठीवर आला. 2022 मध्ये मेस्सीने त्याच आकड्यात विश्वचषक उचलला. फिफाने तेव्हा हो म्हटलं असतं तर ‘मॅराडोना की मेस्सी’ या वादातला तो एक समान धागाच उरला नसता.

अमेरिकेत नंबरांचा हा वाद सर्वांत रंगतो तो महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये. त्यांचं फुटबॉल म्हणजे आपलं पायाने खेळायचं नव्हे; तिथे चेंडू हातात धरून धावायचं, आणि समोरच्यांनी त्याला पाडायचं. संघात शंभराहून जास्त खेळाडू असतात आणि आकडे दोनच अंकी, त्यामुळे एक नंबर दोघांना देण्याचीही मुभा आहे. सिरॅक्यूज विद्यापीठाचा 44 हा या वादातला मानाचा आकडा. 1950 च्या दशकात तो जिम ब्राउनने घातला. त्याने एर्नी डेव्हिसला या विद्यापीठात यायला राजी केलं, आणि डेव्हिसला 44 मिळाला. 1961 मध्ये डेव्हिस हा महाविद्यालयीन फुटबॉलचा सर्वोच्च मान असलेली हाइझमन ट्रॉफी मिळवणारा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला. त्याने फ्लॉइड लिटलला याच वाटेवर आणलं, आणि 1963 च्या मे महिन्यात रक्ताच्या कर्करोगाने गेला. त्यानंतर 44 लिटलच्या पाठीवर आला. हा नंबर विद्यापीठाने निवृत्त केला तो 2005 मध्ये. जिम ब्राउननंतर लगेच केला असता तर? ‘ब्राउन, डेव्हिस की लिटल’ हा प्रश्नच निर्माण झाला नसता. 44 मोठा झाला तो एकाने दुसऱ्याला हात दिल्यामुळे.

माझ्या म्हणण्यावर दोन आक्षेप गंभीर आहेत. पहिला असा, की मोठ्या माणसाचा नंबर नव्या पोरावर ओझं टाकतो; शार्दूलचं काय झालं ते पाहा. पण शार्दूलला आकड्याने छळलं नाही, लोकांनी छळलं. आणि बंदीने त्या लोकांचंच खरं ठरवलं. बेनोनीत 4 बाद 32 वर आलेल्या मुलाच्या पाठीवर तोच 10 होता, नावही तेच होतं. एका डावावरून सिद्धांत मांडता येत नाही हे मी मान्य करतो. अंतिम सामना भारत हरलाही. पण त्या आकड्याखाली माणूस वाकतोच असं म्हणायला आधार नाही. दुसरा आक्षेप शोकाचा आहे. नोव्हेंबर 2014 मध्ये चेंडू लागून फिलिप ह्यूज गेला तेव्हा ऑस्ट्रेलियाने त्याचा 64 बंद केला. तिथे मी वाद घालणार नाही. सोबत्यांच्या डोळ्यांसमोर पुन्हा तो आकडा येऊ नये असं वाटणं हे दुःखाचं मागणं आहे, गौरवाचं नव्हे. तरीही डेव्हिसचा 44 लिटलने घातला, हेही दुःखातूनच घडलं होतं, ही गोष्ट मनात राहते.

नंबर वाटून घेतल्याने कमी होत नाही याचा पुरावा आपल्या सांगलीत आहे. स्मृती मानधनाचा नंबर 18, कोहलीचाही 18. तिने तो कोहलीवरून घेतलेला नाही. तिला 7 हवा होता, तो आधीच कुणाकडे होता, म्हणून 18 जुलै या जन्मतारखेवरून 18 घेतला. बंगळूरच्या संघात दोघं एकाच नावाच्या, एकाच नंबरच्या जर्सीत खेळतात. महिलांच्या संघाने तिच्या नेतृत्वाखाली मार्च 2024 मध्ये करंडक जिंकला, पुरुषांना त्यासाठी जून 2025 पर्यंत थांबावं लागलं. 2 नोव्हेंबर 2025 रोजी नवी मुंबईत भारताच्या मुलींनी विश्वचषक जिंकला तेव्हाही तिच्या पाठीवर 18 होता. आज एखाद्या मुलीने 18 मागितला तर ती कुणाचा मागते आहे हे विचारावं लागतं. आकडा श्रीमंत होतो तो असा.

साबळेच्या खेळात हे आपोआप घडतं, कारण विक्रम निवृत्त करता येत नाही. गोपाल सैनी यांनी 1981 मध्ये 8 मिनिटं 30.88 सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला, तो 37 वर्षं टिकला. 2018 मध्ये भुवनेश्वरला साबळेने 8 मिनिटं 29.80 सेकंदांत तो मोडला. पुढे स्वतःचाच विक्रम तो मोडत गेला आणि 2024 च्या जुलैत पॅरिसमध्ये 8 मिनिटं 9.91 सेकंदांवर पोचला. सैनींचं नाव पुसलं गेलं का? उलट साबळेची गोष्ट सांगताना प्रत्येक जण आधी 1981 सांगतो.

म्हणून आष्टी-कड्याच्या शाळांनी एक काम करावं असं मला मनापासून वाटतं. कबड्डी आणि खो-खोच्या जर्सी शाळेच्या पेटीत असतात. धुऊन, घड्या घालून पुढच्या वर्षी नव्या मुलांना मिळतात. आकडे तेच, अंगं वेगळी. त्या पेटीत एक जाड पुठ्ठ्याची वही ठेवावी. प्रत्येक नंबराला दोन पानं, एक मुलांसाठी, एक मुलींसाठी; वर्ष, नाव, गाव आणि त्या वर्षी काय केलं ते एका ओळीत. तालुक्याच्या सामन्यात कुणी शेवटच्या चढाईत तिघांना बाद केलं असेल, कुणी शेवटच्या पाळीत सर्वांत जास्त वेळ टिकलं असेल. पुढच्या हंगामात पेटी उघडली की जर्सी हातात घ्यायच्या आधी मुलं ती वही उघडतील, आणि सात नंबर कुणी घ्यायचा यावर तिथेच भांडतील.