शिवाजी पार्क : एका सार्वजनिक मैदानाचा इतिहास आणि समाजजीवन

प्रस्तावना

आधुनिक महानगराच्या रचनेत मोकळ्या जागेचे महत्त्व आरोग्य, विरंगुळा आणि पर्यावरण या दृष्टींनी सामान्यतः मांडले जाते. मोकळ्या जागेचे आणखी एक कार्य असते व त्याकडे तुलनेने कमी लक्ष दिले जाते. परस्परांना अपरिचित असणाऱ्या नागरिकांना एकत्र येण्यासाठी, खेळण्यासाठी, निषेध नोंदविण्यासाठी आणि शोक व्यक्त करण्यासाठी ती हक्काचे स्थान पुरविते. मुंबईच्या दादर भागातील शिवाजी पार्क हे या कार्याचे उत्तम उदाहरण होय. सुमारे २८ एकर, म्हणजे १,१२,९३७ चौरस मीटर क्षेत्रफळाच्या या मैदानाने २०२५ मध्ये आपल्या वाटचालीची शंभर वर्षे पूर्ण केली. या शतकात मैदानाचे स्वरूप कसे घडले, त्यावर कोणकोणत्या समूहांनी आपला हक्क सांगितला आणि त्या हक्कांमधील संघर्षातून सार्वजनिक जागेविषयी कोणते प्रश्न उभे राहिले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मैदानाची निर्मिती

दक्षिण मुंबईतील ओव्हल, क्रॉस आणि आझाद ही मैदाने मूळच्या एस्प्लनेडचे अवशेष आहेत. किल्ल्यातील तोफांचा मारा निर्वेध व्हावा म्हणून राखलेली ती जागा होती. तिची उत्पत्ती लष्करी गरजेतून झाली. शिवाजी पार्कचे मूळ यापेक्षा वेगळे आहे. १८९६ च्या प्लेगच्या साथीने मुंबईतील दाट, कोंदट वस्त्यांचा प्रश्न ऐरणीवर आणला आणि १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. शहराने उत्तरेकडे विस्तारावे, रस्ते रुंद असावेत, घरांना हवा व उजेड मिळावा आणि वस्तीत मोकळ्या जागा राखून ठेवाव्यात, हे धोरण या काळात रुजले. दादर-माटुंगा परिसराची आखणी याच विचारातून झाली. समुद्राजवळील दादरच्या पश्चिम भागात मुंबई महानगरपालिकेने १९२५ मध्ये ‘माहीम पार्क’ या नावाने हे मैदान लोकांसाठी खुले केले. ज्यांच्या आरोग्यासाठी ते राखले गेले, त्या सामान्य रहिवाशांचा विचार त्याच्या जन्मातच होता, ही गोष्ट पुढील इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

१९२७ मध्ये मैदानाचे नामांतर झाले. त्या काळी रूढ असलेल्या १६२७ या जन्मवर्षानुसार ते छत्रपती शिवाजी महाराजांच्या जन्माचे त्रिशताब्दी वर्ष होते. महानगरपालिकेच्या सदस्य अवंतिकाबाई गोखले यांनी या नामांतरासाठी पुढाकार घेतला. हिंद महिला समाजाच्या संस्थापक आणि महात्मा गांधींचे मराठीतील आरंभीचे चरित्र लिहिणाऱ्या अवंतिकाबाई राष्ट्रीय चळवळीतील अग्रगण्य कार्यकर्त्या होत्या. परकीय सत्तेच्या काळात, जेव्हा मुंबईतील रस्ते व चौक गव्हर्नरांची आणि ब्रिटिश अधिकाऱ्यांची नावे मिरवीत होते, तेव्हा एका सार्वजनिक मैदानाला महाराजांचे नाव मिळणे ही केवळ औपचारिक बाब नव्हती. २०२० मध्ये महानगरपालिकेने ‘छत्रपती शिवाजी महाराज पार्क’ असा नामविस्तार केला.

१९३० च्या दशकापासून मैदानाभोवती दोन-तीन मजली इमारतींची वस्ती उभी राहिली. आर्ट डेको शैलीचा प्रभाव असलेल्या या इमारतींत मुख्यतः मराठी मध्यमवर्ग राहावयास आला. शिक्षक, वकील, डॉक्टर, कारकून, लेखक, नट आणि संगीतकार यांच्या या वस्तीला मैदानाने अंगण पुरविले. १९४० मध्ये दादासाहेब रेगे यांनी स्थापन केलेली बालमोहन विद्यामंदिर ही शाळा मैदानालगतच वाढली. मैदानाला लागून असलेल्या रस्त्यास शिवचरित्रकार कृष्णराव अर्जुन केळुसकर यांचे नाव आहे. याच केळुसकर गुरुजींनी १९०७ मध्ये मॅट्रिक उत्तीर्ण झालेल्या भीमराव आंबेडकरांना स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भेट दिले होते. शिवचरित्र आणि बुद्धचरित्र यांना जोडणारे हे नाव या परिसराच्या पुढील इतिहासाचे सूचकच म्हणावे लागेल.

सभांचे मैदान

शिवाजी पार्कचा राजकीय इतिहास स्वातंत्र्यपूर्व काळापासून सुरू होतो. ९ ऑगस्ट १९४२ रोजी पहाटे महात्मा गांधींना अटक झाली, तेव्हा त्याच दिवशी सायंकाळी या मैदानावर त्यांची सभा व्हावयाची होती. गांधीजींच्या जागी आपण भाषण करू असे कस्तुरबांनी जाहीर केले. परंतु सभेला पोहोचण्यापूर्वीच त्यांनाही अटक करण्यात आली. झालेल्या सभांइतकीच ही न झालेली सभाही मैदानाच्या स्मृतीचा भाग आहे.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात या मैदानाला लोकसभेचे, म्हणजे शब्दशः लोकांच्या सभेचे, स्वरूप प्राप्त झाले. आचार्य अत्रे यांची घणाघाती वक्तृत्वशैली आणि हजारोंच्या श्रोतृसमुदायाचा प्रतिसाद यांतून सभा हे केवळ प्रचाराचे साधन न राहता लोकशिक्षणाचे माध्यम बनले. महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर १ मे रोजी होणाऱ्या शासकीय संचलनाचे स्थान म्हणून शिवाजी पार्कला मान मिळाला, त्यामागे ही पूर्वपीठिका आहे. १९६६ मध्ये लोकवर्गणीतून उभारलेला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा मैदानाच्या कडेला स्थापन झाला. हाती तलवार न घेता पुढे पसरलेला हात हे या पुतळ्याचे वैशिष्ट्य आहे.

त्याच वर्षी, ३० ऑक्टोबर १९६६ रोजी, शिवसेनेचा पहिला मेळावा येथे झाला. त्यानंतर दसरा मेळावा आणि शिवाजी पार्क हे समीकरण महाराष्ट्राच्या राजकारणात दृढ झाले. १४ मार्च १९९५ रोजी मनोहर जोशी यांनी आणि २८ नोव्हेंबर २०१९ रोजी उद्धव ठाकरे यांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ याच मैदानावर घेतली. १८ नोव्हेंबर २०१२ रोजी बाळासाहेब ठाकरे यांच्यावर आणि ६ फेब्रुवारी २०२२ रोजी लता मंगेशकर यांच्यावर येथे अंत्यसंस्कार झाले. शिवसेनेतील फुटीनंतर २०२२ मध्ये दोन्ही गटांनी दसरा मेळाव्यासाठी या मैदानावर दावा केला. हा वाद उच्च न्यायालयात गेला आणि न्यायालयाने ठाकरे गटास परवानगी दिली. दुसऱ्या गटाने आपला मेळावा वांद्रे-कुर्ला संकुलात घेतला. अधिक सोयीची मैदाने उपलब्ध असतानाही शिवाजी पार्कचा आग्रह धरला जातो, याचे कारण उघड आहे. या भूमीवर उभे राहणे म्हणजेच वारसा सांगणे, अशी प्रतीकात्मक शक्ती तिला प्राप्त झाली आहे.

सहा डिसेंबरचे मैदान

राजकीय सभांपेक्षा वेगळ्या स्वरूपाचा जनसमुदाय दरवर्षी ६ डिसेंबरच्या सुमारास येथे एकत्र येतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे १९५६ मध्ये दिल्लीत महापरिनिर्वाण झाल्यानंतर ७ डिसेंबर रोजी दादर चौपाटीवर त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. तेथील चैत्यभूमीवर अभिवादन करण्यासाठी महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून आणि परप्रांतांतून लाखो अनुयायी येतात. चैत्यभूमीची जागा लहान असल्याने या समुदायाच्या निवासाचा, भोजनाचा आणि विश्रांतीचा भार शिवाजी पार्कवर येतो. महानगरपालिका मंडप, पाण्याचे नळ, शौचालये आणि वैद्यकीय मदतकेंद्रे उभारते. अनेक संस्था अन्नदान करतात.

या दिवसांतील सर्वांत लक्षणीय घटना म्हणजे ग्रंथविक्री. पुस्तके, पुस्तिका, दिनदर्शिका, प्रतिमा आणि गीतांच्या ध्वनिमुद्रिका यांची असंख्य दुकाने येथे मांडली जातात. महाराष्ट्र शासनाने प्रकाशित केलेल्या बाबासाहेबांच्या लेखन व भाषणांच्या खंडांसाठी रांगा लागतात. वर्षभराच्या मजुरीतून वाचविलेल्या पैशांनी पुस्तक विकत घेणारा वाचक येथे भेटतो. खेड्यातील कार्यकर्ता आपल्या वाचनालयासाठी येथूनच ग्रंथ नेतो. मराठी प्रकाशनव्यवहाराच्या अभ्यासकांनी या बाजारपेठेचा जितका विचार करावयास हवा होता, तितका झालेला नाही. ज्याला पूर्वी सार्वजनिक पाणवठ्यावरही प्रवेश नव्हता, तो समाज येथे सार्वजनिक भूमीचा निःसंकोच वापर करतो. हा केवळ गर्दी-व्यवस्थापनाचा विषय नसून नागरिकत्वाच्या प्रत्यक्ष आचरणाचा भाग आहे. काही रहिवाशांनी अस्वच्छतेच्या कारणाने या गर्दीविषयी दाखविलेली नाराजी आणि त्याला मिळालेले प्रत्युत्तर हे दोन्ही या पार्श्वभूमीवर तपासले पाहिजेत.

खेळाचे मैदान

शिवाजी पार्कची दैनंदिन ओळख मात्र खेळाशी, विशेषतः क्रिकेटशी, निगडित आहे. येथे एकच मोठे क्रीडांगण नाही. निरनिराळ्या क्लबांच्या खेळपट्ट्या आणि सरावाची जाळी शेजारी शेजारी आहेत. एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या खेळपट्टीजवळ उभा असतो, हे दृश्य येथे नित्याचे आहे. स्वतःचा चेंडू ओळखणे, शेजारच्या फटक्यापासून स्वतःला सांभाळणे आणि गोंगाटात एकाग्र राहणे हे शिक्षण खेळाडूला तंत्राबरोबरच मिळते. पावसाळ्यात ओल्या, अनिश्चित खेळपट्टीवर खेळली जाणारी, १९४८ मध्ये सुरू झालेली कांगा लीग ही मुंबईच्या फलंदाजीची कसोटी मानली गेली. ‘खडूस’ या शब्दाने वर्णिली जाणारी मुंबईची चिवट क्रिकेटसंस्कृती अशा मैदानांवर घडली.

या परंपरेत रमाकांत आचरेकर यांचे स्थान अनन्यसाधारण आहे. यष्टीवर रुपयाचे नाणे ठेवून, जो गोलंदाज फलंदाजाला बाद करील त्याला ते मिळेल आणि कोणीच बाद करू शकले नाही तर फलंदाजाला मिळेल, ही त्यांची पद्धत सर्वश्रुत आहे. एकाच दिवशी अधिक सामने खेळता यावेत म्हणून ते सचिन तेंडुलकर यांना स्कूटरवरून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर नेत असत. तेंडुलकर शालेय वयात मैदानाजवळ राहणाऱ्या काका-काकूंकडे राहावयास आले, ते सरावासाठी प्रवासात जाणारा वेळ वाचावा म्हणून. विनोद कांबळी, प्रवीण आमरे, अजित आगरकर हेही आचरेकरांचे शिष्य. १९९० मध्ये त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला, २ जानेवारी २०१९ रोजी त्यांचे निधन झाले आणि डिसेंबर २०२४ मध्ये मैदानावर त्यांच्या स्मारकाचे अनावरण झाले. ज्याच्या घरापाशी क्रीडांगण नाही आणि खाजगी क्लबचे शुल्क ज्याला परवडत नाही, अशा मुलासाठी ही व्यवस्था उपयुक्त ठरली.

क्रिकेटच्या प्रसिद्धीमुळे देशी व्यायामपरंपरेकडे दुर्लक्ष होऊ नये. १९२५ मध्येच स्थापन झालेल्या श्री समर्थ व्यायाम मंदिराने मल्लखांब, योगासने आणि जिम्नॅस्टिक्स यांचे शिक्षण पिढ्यान्‌पिढ्या दिले. फेब्रुवारी २०१९ मध्ये मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा याच परिसरात भरली.

कट्टा

मैदानाभोवतीचा सुमारे १.१७ किलोमीटर लांबीचा बसका कठडा, म्हणजेच ‘कट्टा’, हा या परिसराच्या समाजजीवनाचा कणा होय. मैदान आणि रस्ता यांना तो वेगळे करतो, पण दृष्टी अडवीत नाही. उंच भिंत किंवा लोखंडी कुंपण असते तर आत आणि बाहेर असा भेद निर्माण झाला असता. कट्ट्याने मात्र सीमेलाच बैठकीचे रूप दिले. पहाटे फेऱ्या मारणारे ज्येष्ठ नागरिक, दुपारी सावलीत टेकलेले फेरीवाले आणि वाहनचालक, सायंकाळी महाविद्यालयीन तरुण आणि रात्री घरात एकांत न मिळणारी जोडपी असे त्याचे दिवसभराचे वेळापत्रक असते. लहान घरांच्या शहरात कट्टा ही दिवाणखान्याची उणीव भरून काढणारी व्यवस्था आहे. तेथे बसण्यासाठी काही विकत घ्यावे लागत नाही, ही गोष्ट आजच्या बाजारप्रधान नगररचनेत दुर्मीळ होत चालली आहे.

मैदानाच्या कडेला उद्यान गणेश मंदिर, बंगाल क्लब, स्काउट हॉल, जिमखाना आणि ज्येष्ठांसाठी नाना-नानी पार्क आहे. बंगाल क्लबची दुर्गापूजा आणि दिवाळीतील रोषणाई यांमुळे मराठी मध्यमवर्गाची मानली जाणारी ही वस्ती बहुभाषिक शहराशी जोडलेली राहते.

हक्कांचा संघर्ष

येथे मूलभूत प्रश्न उपस्थित होतो. हे मैदान कोणाचे? ध्वनिवर्धकांच्या आवाजाने त्रस्त रहिवाशांनी न्यायालयात दाद मागितल्यावर मुंबई उच्च न्यायालयाने मे २०१० मध्ये हा परिसर शांतता क्षेत्र ठरविला. पुढे २०१६ मध्ये राज्य शासनाने वर्षातील ४५ दिवस क्रीडेतर कार्यक्रमांसाठी निश्चित केले. २०१७ मध्ये केंद्र शासनाने ध्वनिप्रदूषण नियमांत दुरुस्ती केली. शासनाने विशेषत्वाने घोषित केल्याखेरीज कोणतेही क्षेत्र शांतता क्षेत्र ठरणार नाही, अशी तरतूद त्यात आली. अलीकडच्या वर्षांत लाल मातीच्या धुळीने श्वसनाचे विकार वाढतात, ही रहिवाशांची तक्रार तीव्र झाली. गवताची लागवड, पाणी फवारणी आणि पर्जन्यजलसंचय हे उपाय योजले गेले. परंतु सततच्या वापरात गवत टिकणे कठीण असते.

या वादांत रहिवासी, खेळाडू, राजकीय पक्ष आणि अनुयायी-समुदाय यांपैकी कोणाचीही भूमिका सर्वस्वी अयोग्य म्हणता येत नाही. रहिवाशाला शांत झोपेचा आणि स्वच्छ हवेचा अधिकार आहे. खेळाडूला मंडपाच्या खुंट्यांनी उखडली न गेलेली खेळपट्टी हवी आहे. सभेचे स्वातंत्र्य हा लोकशाहीचा प्राण आहे. दूरच्या खेड्यातून आलेल्या अनुयायाचा वर्षातील दोन-तीन दिवसांचा हक्कही शेजाऱ्याच्या रोजच्या हक्काइतकाच खरा आहे. निकटतेमुळे रहिवाशाचा त्रास अधिक असतो, म्हणून त्याचे म्हणणे अग्रक्रमाने ऐकले जावे. मात्र निकटतेमुळे मालकी प्राप्त होत नाही.

समारोप

शिवाजी पार्कचा शंभर वर्षांचा इतिहास पाहता असे दिसते की, कोणत्याही एका समूहाने येथे पूर्ण विजय मिळविलेला नाही आणि म्हणूनच हे मैदान सार्वजनिक राहिले. ते केवळ उद्यान झाले असते तर सभा संपल्या असत्या. केवळ क्रीडासंकुल झाले असते तर प्रवेशाला शुल्क लागले असते. केवळ सभास्थान झाले असते तर मुलांचा खेळ थांबला असता. दिवसाच्या प्रहरांनुसार आणि वर्षाच्या ऋतूंनुसार होणारी वाटणी, तसेच न्यायालयीन व प्रशासकीय नियमन यांतून येथे एक अपूर्ण पण जिवंत तडजोड टिकून आहे. मोकळ्या भूमीला अपार किंमत असलेल्या शहरात २८ एकर जागा मोकळी राहते, ती तिच्यावर हक्क सांगणारे अनेक असल्यामुळेच. हक्क सांगणाऱ्यांची ही संख्या कमी होऊ न देणे, हेच नगररचनाकारांचे आणि नागरिकांचेही उत्तरदायित्व होय.