सुपरहिरोचा पत्ता मुंबईचा

मुखवटाधारी नायक मराठी घरांत पोचला तो वेताळाच्या रूपाने. ‘टाइम्स ऑफ इंडिया’ समूहाच्या इंद्रजाल कॉमिक्समधून ली फॉक यांचा फँटम 1964 पासून भारतात येऊ लागला आणि मराठीत त्याचा वेताळ झाला. बंगालशी गल्लत नको म्हणून त्याच्या देशाचे ‘बेंगाला’ हे नाव बदलून ‘डेंकाली’ केले गेले. त्याच्या बापाचा मारेकरी रामा होता. तोही ‘रामालू’ झाला. 1976 मध्ये आबिद सुरती यांनी बहादूर आणला. डाकूचा मुलगा, पण त्या डाकूला मारणाऱ्या पोलिसाच्या घरी वाढलेला. अंगात भगवा कुर्ता, खाली जीन्स आणि अद्भुत शक्ती शून्य!

1990 मध्ये इंद्रजाल बंद पडले. तोवर दिल्लीच्या राज कॉमिक्सने जम बसवला होता. त्यांचा नागराज 1986 चा. याच्या रक्तात पांढऱ्या पेशींऐवजी सूक्ष्म साप असतात. त्याच्या सुरुवातीच्या अनेक अंकांची चित्रे पुण्याच्या प्रताप मुळीकांची. ‘अमर चित्र कथा’तला शिवाजीही त्यांच्याच हातचा, त्यामुळे नागराजाच्या पवित्र्यातही इतिहासकथेतल्या वीराचा डौल उतरला. हात मराठी असला तरी भाषा हिंदी होती. अर्थात मुंबई-हावडा लोहमार्गावरच्या सालेकशासारख्या गावी, जिथून छत्तीसगड हाकेच्या अंतरावर, हिंदी वाचणे कुणाला जड जात नाही.

राज कॉमिक्सचाच डोगा 1992 चा आणि मुंबईचा. कचराकुंडीत सापडलेले पोर, एका डाकूने वाढवलेले. पुढे मुंबईत अदरक चाचाच्या व्यायामशाळेत शरीर कमावतो; हल्दी, धनिया आणि कालीमिर्च हे बाकीचे चाचा त्याला मारामारी आणि नेमबाजी शिकवतात. नावे मसाल्याच्या डब्यातली, पण कथा कडवट आहे. डोगा उडत नाही. कुत्र्याचा मुखवटा चढवून गटारांतून फिरतो आणि गुन्हेगाराला सरळ गोळी घालतो. हा न्याय धोकादायकच. तरीही मुंबई वगळली तर डोगा उरत नाही, आणि हे फार थोड्या नायकांबद्दल म्हणता येते.

2004 चा भारतीय स्पायडर-मॅन या कसोटीवर लंगडा पडतो. शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि जीवन कांग यांनी पीटर पार्करचा पवित्र प्रभाकर केला, मेरी जेनची मीरा जैन आणि नॉर्मन ऑसबॉर्नचा नलिन ओबेरॉय. कोळ्याच्या चाव्याऐवजी योगी शक्ती देतो. चार अंकांत मूळ कथेचे कपडे तेवढे बदलले. त्यातली एकच गोष्ट मनाला लागते: शिष्यवृत्तीवर खेड्यातून मुंबईत आलेला पवित्र धोतर नेसतो म्हणून शाळेतली श्रीमंत मुले त्याची टर उडवतात. सालेकशाहून शिकायला शहरात गेलेल्या कुणालाही हे सांगावे लागणार नाही. लेखकांनी मात्र तिथे न थांबता राक्षसांकडे धाव घेतली.

2023 मध्ये पवित्र दोनदा परतला. निकेश शुक्ला यांनी लिहिलेली पाच अंकांची मालिका आली आणि ‘अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ हा अॅनिमेशनपट आला. चित्रपटात मुंबई आणि मॅनहॅटन यांचे मिश्रण असलेले ‘मुंबॅटन’ आहे. पवित्र तिथल्या वाहतूक कोंडीची फुशारकी मारतो आणि ब्रिटिशांनी लुटून नेलेल्या वस्तूंवरून टोमणा हाणतो. काही मिनिटांच्या या भूमिकेत तो 2004 च्या चारही अंकांपेक्षा अधिक मुंबईकर वाटतो. हा चित्रपट मराठीतही डब होऊन आला.