यश, महत्त्वाकांक्षा आणि अभिमान : इंग्रजी शब्दांविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

नोकरीचा अर्ज, मुलाखत, शिष्यवृत्तीसाठीचे निवेदन, सत्काराचे भाषण अशा प्रसंगी स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या कर्तृत्वाविषयी इंग्रजीत बोलावे लागते. त्यासाठी लागणारे शब्द मोजके आणि रोजच्या कानावरचे आहेत : अचीव्हमेंट, सक्सेस, ॲम्बिशन, गोल, प्राइड. ते ओळखीचे असल्यामुळे एका मराठी शब्दाला एक इंग्रजी प्रतिशब्द असे समीकरण मनात पक्के बसते आणि चुका तिथेच होतात. या शब्दांचा अर्थ आणि त्यांची धार बरीचशी सोबतच्या क्रियापदावर, शब्दयोगी अव्ययावर आणि प्रसंगावर अवलंबून असते.

गैरसमज १ : 'मिळवणे' या क्रियापदासाठी सगळीकडे 'अचीव्ह' चालते.

वस्तुस्थिती : मराठीत बक्षीस, पदवी, गुण, अनुभव, प्रवेश आणि यश हे सारे 'मिळवले' जाते. इंग्रजीत प्रत्येकाचे क्रियापद वेगळे आहे. बक्षीस 'विन' करतात, पदवी 'अर्न' किंवा 'गेट', गुण 'स्कोअर', अनुभव 'गेन' आणि प्रवेश 'सिक्युअर'. 'अचीव्ह' हे ध्येय, परिणाम किंवा दर्जा यांसाठी, म्हणजे चिकाटीने शेवटापर्यंत नेलेल्या गोष्टीसाठी वापरतात. हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला. त्याचा मूळ अर्थ 'तडीस नेणे' असा असून 'डोके' किंवा 'टोक' दाखवणाऱ्या शब्दापासून तो बनला आहे. 'चीफ' आणि 'शेफ' हे शब्दही त्याच कुळातले. 'आय अचीव्ह्ड फर्स्ट प्राइझ' हे वाक्य त्यामुळे खटकते. तिथे 'आय वन फर्स्ट प्राइझ' हवे.

'सक्सीड'च्या बाबतीतही अशीच गफलत होते. 'परीक्षा उत्तीर्ण होण्यात यशस्वी झाला' यासाठी 'सक्सीडेड टू पास' चुकीचे आणि 'सक्सीडेड इन पासिंग' बरोबर. 'टू' वापरायचा असेल, तर 'मॅनेज्ड टू पास' म्हणावे. 'सक्सीड टू' ही रचना इंग्रजीत आहे, पण तिचा अर्थ वारसा हक्काने गादीवर किंवा पदावर येणे असा होतो.

गैरसमज २ : अचीव्हमेंट, अकम्प्लिशमेंट, ॲटेनमेंट आणि फीट हे शब्द कुठेही अदलाबदल करून वापरता येतात.

वस्तुस्थिती : पहिले दोन पुष्कळदा एकमेकांच्या जागी चालतात, तरी त्यांचा रोख वेगळा आहे. 'अचीव्हमेंट'मध्ये कठीण गोष्ट साध्य केल्याचा भाव अधिक असतो, तर 'अकम्प्लिशमेंट'मध्ये हाती घेतलेले काम पूर्ण केल्याचा. शिवाय 'अकम्प्लिशमेंट' म्हणजे अंगी बाणवलेले कौशल्यही. जेन ऑस्टेनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस' या १८१३ मधील कादंबरीत कोणत्या स्त्रीला 'अकम्प्लिश्ड' म्हणावे यावर चर्चा रंगते. एक पात्र साध्या हस्तकलेवर समाधान मानते. दुसरे संगीत, गायन, चित्रकला, नृत्य आणि आधुनिक भाषा एवढी यादी पुढे करते. नायक डार्सी त्यात चौफेर वाचनाची भर घालतो. त्या काळच्या सुखवस्तू घरांतील मुलींकडून असलेल्या अपेक्षा या एका शब्दात साठल्या होत्या. आजही 'ॲन अकम्प्लिश्ड पियानिस्ट' म्हणजे वादनात तयार असलेला कलाकार.

'ॲटेनमेंट' म्हणजे विशिष्ट पातळी गाठणे. म्हणूनच कोणाचे शिक्षण कुठवर झाले हे दाखवण्यासाठी 'एज्युकेशनल ॲटेनमेंट' ही संज्ञा वापरतात. 'फीट' म्हणजे धाडस, बळ किंवा असामान्य कसब लागणारी एखादी कामगिरी. एव्हरेस्टची चढाई किंवा अवघड पुलाची उभारणी यांना तो शोभतो; वार्षिक परीक्षेतील चांगल्या गुणांना नाही.

गैरसमज ३ : 'ॲम्बिशस' म्हणणे ही नेहमी स्तुतीच असते.

वस्तुस्थिती : या शब्दाचा उगम प्राचीन रोममधील निवडणुकीत आहे. लॅटिन 'ॲम्बिरे' म्हणजे भोवती फिरणे. उमेदवार मते मागत फिरत आणि त्यासाठी खडूने शुभ्र केलेला झगा घालत. 'कॅन्डिडेट' हा शब्द त्या पांढऱ्या रंगावरून आला. निवडणुकीतील लाचखोरीला 'ॲम्बिटुस' हे याच कुळातले नाव होते. इ. स. पू. ६३ मध्ये कॉन्सल असलेल्या सिसेरोने त्याविरुद्धच्या कायद्यात दहा वर्षांच्या हद्दपारीची तरतूद आणली. शेक्सपिअरच्या 'ज्युलियस सीझर' नाटकात ब्रूटस सीझरच्या हत्येचे समर्थन करताना त्याच्या महत्त्वाकांक्षेकडेच बोट दाखवतो. शब्दाला आजचा उजळ अर्थ हळूहळू आला.

जुनी छटा मात्र पुरती गेलेली नाही. विद्यार्थ्याला 'ॲम्बिशस' म्हटले तर बहुधा कौतुक असते. सहकाऱ्याविषयी तोच शब्द वापरला, तर तो दुसऱ्यांना मागे सारून पुढे जाऊ पाहतो, असेही सुचवलेले असू शकते. कार्यालयीन बैठकीत एखाद्या वेळापत्रकाला 'ॲम्बिशस' म्हटले, तर ते पाळणे कठीण दिसते, हा त्यातला सभ्य इशारा असू शकतो.

गैरसमज ४ : एम, गोल, टार्गेट आणि ॲम्बिशन हे सारे 'ध्येय'च.

वस्तुस्थिती : 'माय एम इन लाइफ' या शालेय निबंधामुळे 'एम' हा शब्द सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याचा अर्थ हेतू, उद्दिष्ट. 'गोल' म्हणजे जिथे पोहोचायचे ते ठिकाण. 'टार्गेट' बहुधा मोजता येते आणि पुष्कळदा त्याला मुदत असते, उदाहरणार्थ तिमाहीतील विक्रीचा आकडा. 'ॲम्बिशन' ही दीर्घकाळ मनात धरलेली, बहुधा वैयक्तिक आकांक्षा. त्यांची क्रियापदेही ठरलेली आहेत : गोल 'सेट' करतात, टार्गेट 'मीट' करतात, ॲम्बिशन 'फुलफिल' किंवा 'रिअलाइझ' करतात. मराठीत महत्त्वाकांक्षा आणि स्वप्न 'पूर्ण' होते, म्हणून 'कम्प्लीट माय ॲम्बिशन', 'कम्प्लीट माय ड्रीम' अशी वाक्ये तयार होतात. 'कम्प्लीट' हे अभ्यासक्रम, अर्ज, प्रकल्प अशा कामांसाठी राखावे.

गैरसमज ५ : 'प्राइड' म्हणजे गर्व, म्हणून तो दुर्गुणच.

वस्तुस्थिती : मराठीने अभिमान आणि गर्व यांत फरक केला आहे, 'गर्वाचे घर खाली' ही म्हण अभिमानाविषयी नाही. इंग्रजीत एकच 'प्राइड' दोन्ही ओझी वाहतो. 'प्राउड' हा शब्द जुन्या फ्रेंचमधील 'शूर' या अर्थाच्या शब्दावरून आला. दुसरीकडे ख्रिस्ती नीतिविचारात 'प्राइड' हे मोठे पाप ठरले; सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरी पहिला यांनी त्याला सर्व दुर्गुणांचे मूळ मानले. अर्थ प्रसंगावरून कळतो. आई मुलीला 'आय ॲम प्राउड ऑफ यू' म्हणते तेव्हा त्यात निव्वळ माया असते. 'टू प्राउड टू आस्क फॉर हेल्प' म्हणजे मदत मागण्यात कमीपणा मानणारा. 'स्वॅलो युअर प्राइड'मध्ये मानापमान बाजूला ठेवण्याचा सल्ला आहे.

शब्दयोगी अव्यय नीट लक्षात ठेवावे. 'प्राउड ऑन यू' ही चूक हिंदीतील 'तुम पर'च्या वळणाने सहज होते. मराठीतील षष्ठी इथे मदतीला येते : 'तुझा अभिमान' म्हणजे 'प्राउड ऑफ यू'. नामाबरोबर मात्र 'इन' लागतो, जसे 'टेक प्राइड इन युअर वर्क'. अभिनंदन करताना 'काँग्रॅच्युलेट' पुढे प्रमाण इंग्रजीत 'ऑन' येतो आणि शुभेच्छा देताना 'काँग्रॅच्युलेशन्स' हे अनेकवचनच वापरतात.

गैरसमज ६ : गर्विष्ठ माणसासाठी 'प्राउड' एवढा एक शब्द पुरे.

वस्तुस्थिती : इंग्रजीत या दोषाच्या छटा वेगवेगळ्या शब्दांत वाटल्या आहेत. 'व्हेन' माणूस स्वतःच्या रूपावर खूश आणि कौतुकाचा भुकेला असतो. 'कन्सीटेड' माणसाला आपल्या गुणांविषयी अवास्तव मोठे मत असते. 'ॲरोगन्ट' इतरांना कमी लेखतो, 'हॉटी' शिष्टपणे दूर राहतो आणि 'स्मग' आत्मसंतुष्ट असतो. ऑस्टेनच्या त्याच कादंबरीत मेरी हे पात्र 'प्राइड'चा संबंध आपल्या स्वतःविषयीच्या मताशी, तर 'व्हॅनिटी'चा इतरांनी आपल्याविषयी काय समजावे याच्याशी जोडते. 'ब्रॅग' म्हणजे फुशारकी मारणे. 'बोस्ट' मात्र ठिकाणाविषयी वापरला तर त्यात निंदा नसते. 'द सिटी बोस्ट्स अ फाइन म्युझियम' म्हणजे शहरात अभिमान वाटावा असे संग्रहालय आहे.

गैरसमज ७ : भारतात रूढ झालेले कर्तृत्वाचे इंग्रजी शब्द अशुद्ध आहेत.

वस्तुस्थिती : ते अशुद्ध नाहीत, त्यांचा वापर प्रादेशिक आहे. शाल-श्रीफळ देऊन केलेल्या सत्काराला भारतीय वृत्तपत्रे 'फेलिसिटेशन' म्हणतात. हा शब्द इंग्रजीत जुनाच आहे, पण ब्रिटन-अमेरिकेत तो क्वचित ऐकू येतो आणि त्याचा अर्थ केवळ अभिनंदन एवढाच असतो. सत्कारासाठी तिथे 'ऑनर' म्हणतात. 'टॉपर' भारतात पहिला आलेला विद्यार्थी, तर ब्रिटनमध्ये उंच टोपी. 'पास आउट' भारतात महाविद्यालयातून बाहेर पडण्यासाठी वापरतात. अन्यत्र त्याचा रोजचा अर्थ शुद्ध हरपणे असा आहे. लष्करी प्रशिक्षणात मात्र तो जुना आणि प्रतिष्ठित आहे. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतील 'पासिंग आउट परेड' हे नाव ब्रिटिश लष्करी परंपरेतले. वाचणारा परदेशी असेल तर 'ग्रॅज्युएटेड', 'केम फर्स्ट', 'वॉज ऑनर्ड' असे शब्द निवडावेत. भारतीय वाचकासाठी रूढ शब्द बदलण्याचे कारण नाही.