अजाण जाळे : इंटरनेटच्या जन्माची हकीकत



या स्मृतिव्याख्यानमालेत आजवर इतिहास, संतवाङ्मय, संगीत अशा विषयांवरील अधिकारी वक्ते बोलून गेले. यंदा संयोजकांनी दूरसंचार खात्यात उभी हयात घालवलेल्या एका माजी विद्यार्थ्याला पाचारण केले आणि विषयाची निवड त्याच्यावर सोपवली. मी इंटरनेटचा उगम हा विषय घेतला, त्याला एक कारण आहे. इंटरनेट ज्या कल्पनेवर उभे आहे, ती आमच्या टेलिफोनच्या पेशाला सर्वस्वी उलटी होती. त्यामुळे तिचे नवल आमच्यासारख्या तारायंत्री माणसांना जितके वाटते, तितके ते नुसते वापरणाऱ्याला बहुधा वाटत नसावे.

आरंभी एक प्रवाद दूर केला पाहिजे. अमेरिकेवर अणुबाँब पडला तरी संदेशवहन चालू राहावे म्हणून तेथील लष्कराने इंटरनेट निर्माण केले, असे सर्वत्र सांगितले जाते. यात सत्याचा अंश आहे, पण तो भलत्याच जागी चिकटवलेला आहे.

अणुयुद्धात टिकेल अशा जाळ्याचा विचार खरोखरच झाला होता. रँड या संस्थेतील पॉल बॅरन यांनी १९६० च्या सुमारास तो सुरू केला आणि १९६४ साली अनेक खंडांत प्रसिद्ध केला. टेलिफोनचे जाळे मोठमोठ्या केंद्रांवर अवलंबून असते; ती केंद्रे उडवली की सारे मुके होते. त्याऐवजी प्रत्येक ठाणे शेजारच्या तीन-चार ठाण्यांना जोडावे, संदेशाचे लहान तुकडे करावेत आणि प्रत्येक तुकड्याने मिळेल त्या वाटेने पुढे सरकावे, अशी ती योजना होती. अमेरिकेतील दूरध्वनीची बलाढ्य कंपनी ए. टी. अँड टी. हिने ती साफ नाकारली. पुढे हे काम ज्या सरकारी यंत्रणेकडे जाणार होते तिला अंकीय तंत्राची जाण नाही, असे दिसल्यावर बॅरन यांनी स्वतःच योजना पुढे न रेटण्याचा सल्ला दिला. ते जाळे कधी बांधलेच गेले नाही.

जे बांधले गेले त्याचे प्रयोजन निराळे होते. सोव्हिएट रशियाने १९५७ च्या ऑक्टोबरात स्पुटनिक सोडल्यावर अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९५८ मध्ये 'आर्पा' ही संशोधनसंस्था स्थापन केली. तिच्या संगणकविभागाचे पहिले प्रमुख जे. सी. आर. लिक्लायडर हे मूळचे मानसशास्त्रज्ञ. संगणक हे आकडेमोडीपुरते यंत्र नसून माणसामाणसांतील देवघेवीचे साधन आहे, ही दृष्टी त्यांची. पुढे ते पद रॉबर्ट टेलर यांच्याकडे आले. टेलर यांच्या कचेरीत तीन वेगवेगळी टर्मिनले होती, कारण तीन ठिकाणचे तीन संगणक एकमेकांशी बोलत नव्हते. एकाशी बोलायचे तर एका यंत्रापुढे बसायचे, दुसऱ्यासाठी उठून दुसऱ्यापुढे. शिवाय प्रत्येक विद्यापीठ स्वतःसाठी नवा, महागडा संगणक मागत होते. टेलर १९६६ साली आपल्या वरिष्ठांकडे गेले आणि सुमारे वीस मिनिटांच्या भेटीत दहा लाख डॉलर मंजूर करून परतले. सरकारी कचेरीत काम केलेल्यांना यातील वीस मिनिटांचे मोल विशेष जाणवेल!

आता त्या मूळ कल्पनेकडे येतो. येथल्या वडीलधाऱ्यांना ट्रंक कॉल आठवत असेल. इंदूरहून पुण्याला बोलायचे तर आधी नोंदणी करायची. ऑर्डिनरी, अर्जंट की लाइटनिंग ते सांगायचे आणि वाट पाहायची. ऑपरेटर मधल्या केंद्रांना विचारीत विचारीत एक अखंड तार तुमच्यासाठी राखून ठेवीत असे. तुम्ही बोला अथवा हुंदका देऊन थांबा, ती तार तुमचीच. दुसऱ्या कोणाला तिचा उपयोग नाही. माणसांच्या बोलण्यात ही उधळपट्टी खपून जाते. संगणकांचे बोलणे मात्र थेंब आणि मग बराच वेळ कोरडे असे चालते. माणूस एक ओळ टंकतो, विचार करतो, चहा पितो, मग दुसरी ओळ टंकतो. एवढ्यासाठी तार दिवसभर अडकवून ठेवणे परवडणारे नव्हते.

इंग्लंडमधील राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत डोनाल्ड डेव्हिस यांना १९६५ साली नेमकी ही अडचण जाणवली. बॅरन यांच्या कामाची वार्ता नसताना ते त्याच उत्तराशी पोहोचले : तार कोणासाठीही राखू नका, संदेशाचे तुकडे करा आणि प्रत्येकावर पत्ता घाला. त्या तुकड्याला त्यांनी 'पॅकेट' हे नाव दिले. परभाषांतही सहज रुळेल असा शब्द हवा म्हणून त्यांनी भाषेच्या जाणकारांना विचारले होते. आपले 'पाकीट' त्याच कुळातले आहे, तेव्हा सल्ला चांगला मिळाला म्हणायचा. एखादे शंभर पानी हस्तलिखित आपण शंभर पोस्टकार्डांवर उतरवले, प्रत्येकावर क्रमांक घातला आणि वेगवेगळ्या पेट्यांत टाकले, तर काही उशिरा येतील, काही उलटसुलट येतील, एखादे गहाळ होईल. घेणाऱ्याने ती क्रमाने लावायची आणि ४७ वे आले नाही, ते पुन्हा धाडा, असे कळवायचे. यात मधल्या पोस्टमनला हस्तलिखिताचा पत्ता असण्याचे कारण नाही.

आर्पाचे जाळे उभारण्यास लॉरेन्स रॉबर्ट्स यांना आणले होते. १९६७ च्या एका परिषदेत डेव्हिस यांच्या सहकाऱ्याकडून त्यांना इंग्लंडमधल्या या कामाची आणि बॅरन यांच्या लिखाणाची माहिती मिळाली. अणुयुद्धाचा धागा आर्पाच्या जाळ्याला येऊन मिळतो तो येथे, उसन्या तंत्राच्या रूपाने. मॅसॅच्युसेट्समधील बी. बी. एन. या छोट्या कंपनीने पाकिटे पुढे सरकवणारी यंत्रे तयार केली. पहिले यंत्र १९६९ च्या ऑगस्टअखेर लॉस एंजलिसच्या विद्यापीठात आले. त्याच वर्षी २९ ऑक्टोबरच्या रात्री साडेदहाच्या सुमारास चार्ली क्लाइन या विद्यार्थ्याने स्टॅनफर्ड संशोधनसंस्थेतील संगणकाकडे 'लॉगिन' हा शब्द धाडावयास घेतला. 'एल' गेला, 'ओ' गेला आणि पलीकडचा संगणक बंद पडला. तासाभराने दुरुस्ती होऊन जोडणी साधली. वर्षअखेर चार ठाणी जोडली गेली होती.

त्या यंत्रांनी एकमेकांशी कसे बोलायचे याचे नियम ठरवायला कोणी ज्येष्ठ समिती नव्हती, विद्यार्थी होते. आपण नियम करतो आहोत असे दिसले तर वडीलधारे रागावतील, या धास्तीने स्टीव्ह क्रॉकर यांनी ७ एप्रिल १९६९ च्या पहिल्या टिपणाला 'अभिप्रायार्थ विनंती' असे नम्र नाव दिले. इंटरनेटचे नियम आजही त्याच नावाच्या मालिकेत निघतात आणि ते कोणालाही फुकट वाचता येतात. आमच्या खात्यातील नियमपुस्तके कुलपात असत, एवढेच येथे नोंदवतो.

संगणक वाटून घ्यावेत म्हणून केलेल्या या जाळ्यावर लोकांनी पत्रे लिहावयास सुरुवात केली. रे टॉमलिन्सन यांनी १९७१ साली एका यंत्रावरून दुसऱ्यावर पत्र धाडले आणि माणसाचे नाव व यंत्राचे नाव यांच्यामध्ये आज सर्वपरिचित असलेले ते वेटोळे चिन्ह घातले. दोनच वर्षांत जाळ्यावरील वाहतुकीचा सुमारे तीनचतुर्थांश भाग पत्रांचा झाला.

पण हे अजून इंटरनेट नव्हते. हे एक जाळे होते. रेडिओवर चालणारे दुसरे, उपग्रहावर चालणारे तिसरे आणि फ्रान्समध्ये लुई पुझँ यांचे 'सिक्लाद' हे आणखी एक जाळे तयार होत होते. प्रत्येकाचे पाकीट निराळ्या मापाचे, वेग निराळा, चुकीचे प्रमाण निराळे. रॉबर्ट कान आणि व्हिंटन सर्फ यांनी १९७३ मध्ये या जाळ्यांचे जाळे कसे करावे याचा विचार मांडला आणि मे १९७४ मध्ये तो निबंधरूपाने प्रसिद्ध झाला. माझ्या मते इंटरनेटचा खरा जन्म हा.

त्या विचाराचे मर्म असे. कोणत्याही जाळ्याला अंतर्गत बदल करावा लागू नये. दोन जाळ्यांच्या सीमेवर एक पेटी असावी. तिने पाकिटावरील पत्ता पाहावा, ते पुढे ढकलावे आणि विसरून जावे. पाकीट पोहोचेलच अशी हमी जाळ्याने देऊ नये. क्रम लावणे, गहाळ झालेले पुन्हा मागणे, हे सारे दोन टोकांच्या संगणकांनी पाहावे. आमच्या पेशात बुद्धी असे ती एक्स्चेंजमध्ये, आणि ग्राहकाच्या हातातले यंत्र शक्य तितके साधे. येथे टोके शहाणी आणि मध्य अजाण. पुझँ यांच्या जाळ्याने हे चालते असे दाखवले होते. सर्फ आणि कान यांनी त्याची कक्षा वाढवली.

२२ नोव्हेंबर १९७७ रोजी कॅलिफोर्नियात रस्त्यावर धावणाऱ्या एका गाडीतून निघालेली पाकिटे रेडिओने, मग आर्पाच्या तारांनी, मग उपग्रहाने अटलांटिक ओलांडून युरोपात आणि तेथून परत कॅलिफोर्नियात आली. तीन जाळी, तीन स्वभाव आणि बोलणे एक. १ जानेवारी १९८३ रोजी आर्पाच्या साऱ्या ठाण्यांनी जुने नियम टाकून हे नवे नियम स्वीकारले.

अजाणपणाची किंमतही लवकरच कळली. ऑक्टोबर १९८६ मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कली येथे जेमतेम ४०० यार्डांवरील दोन ठिकाणांमधली वाहतूक सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर घसरली. पुढे गर्दी झाली की पाकिटे अडत. पोच आली नाही म्हणून धाडणारे तीच पुन्हा धाडत. गर्दी आणखी वाढे. अरुंद दारातून बाहेर पडणाऱ्या जमावात मागच्यांनी जोर लावावा, तशी ही गत. टेलिफोनवाल्याने यावर मध्ये पहारेकरी बसवला असता. व्हॅन जेकबसन आणि माइक कॅरल्स यांनी इलाज केला तो टोकांना : आरंभी सावकाश धाडा, पोच येत गेली की वेग वाढवा, पाकीट हरवले की वाटेत गर्दी आहे असे समजून स्वतःच हात आखडता घ्या. हा उपाय १९८८ साली प्रसिद्ध झाला. तो चालला, कारण लक्षावधी संगणकांनी कोणी पाहत नसतानाही तो संयम पाळला.

दुसरी किंमत अजून फिटलेली नाही. मध्य अजाण असल्याने धाडणारा खरा की खोटा हेही तो पाहत नाही. परस्परांना ओळखणाऱ्या संशोधकांत ते खपले. २ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेल्या स्वयंप्रसारी आज्ञावलीने जाळ्यावरच्या सुमारे ६०,००० यंत्रांपैकी अंदाजे ६,००० यंत्रे जखडून टाकली. आज आपल्या घरी येणारे लबाडीचे संदेश त्याच उघड्या दारातून येतात. दार उघडे ठेवले म्हणून त्या मंडळींना दोष देणे मला पटत नाही. परवान्यासाठी थांबावे लागले असते, तर पुढचे बरेच काही घडलेच नसते. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत १९८९ साली वेबची कल्पना मांडली, तेव्हा जाळ्यात कोठेही बदल करावा लागला नाही. वेब म्हणजे इंटरनेट नव्हे, त्यावरून जाणारे एक प्रकारचे सामान आहे. १९९३ च्या एप्रिलात सर्नने ते सर्वांना विनामूल्य खुले केले.

भारतात १९८६ साली 'अर्नेट' हा शैक्षणिक जाळ्याचा प्रकल्प सुरू झाला. मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, पाच आयआयटी आणि बंगळूरची विज्ञानसंस्था त्यात होत्या. परदेशाशी जोडणारे दार मुंबईच्या केंद्रात होते. सामान्य नागरिकाला इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाकडून.

आपल्या लिपीची गोष्ट मात्र निराळी. ऑक्टोबर १९६९ मध्येच सर्फ यांनी एका टिपणात जाळ्यावरील देवघेवीसाठी अमेरिकी अक्षरसंकेत नेमून दिला होता. त्यात १२८ जागा. त्यांत रोमन अक्षरे, अंक आणि खुणा बसल्या, की संपले. पत्रांच्या आज्ञावल्याही ७ बिटांच्या अक्षरांवरच बेतलेल्या होत्या. 'ज्ञ' किंवा 'ळ' यांना तेथे ठावच नव्हता. भारतीय मानक संस्थेने १९९१ मध्ये आपल्या लिप्यांचा संकेत प्रमाणित केला आणि त्याच वर्षी निघालेल्या युनिकोडने आधीच्या भारतीय संकेतावरून देवनागरीला १२८ जागांचा स्वतंत्र विभाग दिला. पण संकेत कागदावर असून भागत नाही. कित्येक वर्षे प्रत्येकाचा टंक वेगळा. एकाने लिहिलेले मराठी पत्र दुसऱ्याच्या पडद्यावर रोमन अक्षरांची खिचडी होऊन उमटे. १९९२ साली केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी जुन्या रोमन मजकुराला धक्का न लावता युनिकोडची अक्षरे धाडण्याची युक्ती काढली. तिच्यात रोमन 'ए' एका बाइटात मावतो आणि आपल्या 'अ' ला तीन लागतात. हे तीन बाइट जावेत म्हणून वाटेतल्या एकाही पेटीला काही शिकवावे लागले नाही. बदलावी लागली ती दोन्ही टोकांची यंत्रे. १९७४ च्या निबंधातील ती पेटी पत्ता पाहते आणि पाकीट पुढे ढकलते. आत 'ए' आहे की 'अ', हे तिला तेव्हाही कळत नव्हते आणि आजही कळत नाही.