शिडीचा दुसरा आकडा

अग्निशमन दलासाठी शिडीची गाडी घ्यायचं ठरलं की चर्चेत एकच प्रश्न असतो: किती मीटरची? महापालिकेच्या सभागृहापासून सोसायटीच्या बैठकीपर्यंत हाच आकडा फिरतो. जर्मनीतली अग्निशमन दलं मात्र शिडी दोन आकड्यांनी ओळखतात. तिथली सर्वात रुळलेली गाडी ‘23-12’ या नावाने चालते. शिडीची पूर्ण लांबी 30 मीटर. पण गाडी इमारतीपासून 12 मीटर लांब उभी राहिली, तर ती 23 मीटरवरच्या खिडकीपर्यंत पोचते. 23 मीटर म्हणजे साधारण सातवा मजला. पहिला आकडा उंचीचा, दुसरा अंतराचा. वसई-विरारमध्ये शिडीबद्दल बोलायचं तर या दुसऱ्या आकड्यापासून सुरुवात करावी लागते, कारण इथे गाडी कुठे उभी राहील हे गल्ली ठरवते.

या यंत्राचा मूळ पुरुष उल्म गावचा कोनराड डीट्रिख मॅगिरस. तो स्वतः अग्निशमन दलाचा प्रमुख होता. 1872 साली त्याने दोन चाकांवरची, भिंतीला न टेकता उभी राहणारी सरकती शिडी बनवली आणि पुढच्या वर्षी ती व्हिएन्नाच्या जागतिक प्रदर्शनात झळकली. भिंतीचा आधार सुटला, आणि तिथूनच जमिनीचा प्रश्न सुरू झाला. जी शिडी कशाला टेकत नाही, तिचा सगळा तोल पायाशी सांभाळावा लागतो.

हे पाय म्हणजे गाडीच्या दोन्ही अंगांनी बाहेर येणारे चार जॅक. गाडीची रुंदी अडीच मीटरच्या आसपास. जॅक पूर्ण पसरले की तीच रुंदी जवळपास दुप्पट होते, मोठ्या यंत्रांत त्याहूनही जास्त. जागा कमी असेल तर एका बाजूचे जॅक अर्धेच काढता येतात. पण मग यंत्रातला संगणक त्या बाजूला शिडी फार झुकू देत नाही. चालक-यंत्रचालकाने कितीही दांडा दाबला तरी ती ठरावीक कोनावर थांबते. म्हणजे आग उजवीकडे आणि जागा डावीकडे असेल, तर लांबलचक शिडी असूनही ती आगीपर्यंत पोचत नाही. आम्ही बाहेरची माणसं गाडीच्या अंगावर रंगवलेला आकडा वाचतो. यंत्रचालक आधी खाली पाहतो.

खाली काय असतं? नालासोपारा पूर्वेला तुळिंज, आचोळे, संतोष भुवन या भागांत रस्त्याच्या कडेने गटार जातं आणि त्यावर काँक्रीटची झाकणं. बहुतेक वेळा जॅक नेमका तिथेच उतरवावा लागतो. पायाखाली जाड फळी घालून भार पसरवता येतो, पण पोकळ गटाराच्या झाकणावर फळीही भरवशाची नाही. वर पाहावं तर विजेच्या आणि केबलच्या तारा. समुद्रावरून येणारं वारं वेगळंच: अशा उंच यंत्रांची वाऱ्याची मर्यादा साधारणपणे सेकंदाला 12.5 मीटर, म्हणजे ताशी 45 किलोमीटर धरतात. अर्नाळ्याकडचा पावसाळी वारा ही मर्यादा सहज ओलांडतो.

पण हे सगळं गाडी उभी राहिल्यानंतरचं. तिथवर पोचणं हाच खरा कसबाचा भाग. लांब गाडी वळताना तिची मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेने जात नाहीत, आतल्या अंगाने कोपरा कापतात. त्यामुळे कोपऱ्यावर लावलेली एक दुचाकी गाडी अडवायला पुरते. त्याच वेळी मागच्या चाकांच्या पलीकडे उरलेलं गाडीचं शेपूट उलट दिशेला, बाहेर फेकलं जातं, आणि काही गाड्यांत शिडीच्या टोकाचा पिंजरा केबिनच्याही पुढे आलेला असतो. चालकाला तीन टोकं एकदम सांभाळायची असतात आणि त्याच्या आरशात जेमतेम एक दिसतं. म्हणून एक जवान पुढे चालतो, एक मागे राहतो, आणि ‘येऊ दे, येऊ दे, बस’ या तालावर गाडी इंचाइंचाने सरकते. मागे जमलेल्या गर्दीला हा उशीर वाटतो, शिव्याही पडतात. पण घाई करून गाडी कोपऱ्यावर अडकली, तर मागून येणारे पाण्याचे बंबही अडकतात. म्हणून अनुभवी अधिकारी कधी कधी शिडी गल्लीत घालतच नाही. ती नाक्यावर ठेवतो, छोटा बंब आत पाठवतो आणि जवान पस्तीस फुटी ॲल्युमिनियमची शिडी खांद्यावरून नेतात. माझ्या मते ‘शिडी आत नको’ हा निर्णय शिडी चढवण्याइतकाच कौशल्याचा आहे.

सॅन फ्रान्सिस्कोने यावर वेगळी वाट काढली. तिथल्या शिडीच्या गाड्या मध्ये सांधा असलेल्या आहेत आणि मागच्या चाकांना स्वतंत्र स्टिअरिंग आहे. मागे उंचावर बसलेला दुसरा चालक शेपूट वळवतो. दोन चालकांचं जमलं की इतकी लांब गाडीही अरुंद कोपरा पार करते. आपल्याकडे नेहमी दिसते ती सलग चासीवरची गाडी. ती वळवायला एकच चालक असतो, बाकी मदत पायी चालणाऱ्यांची.

गल्ल्या अशा का झाल्या, याचं एकच उत्तर नाही. पश्चिमेला निर्मळ, वाघोली, भुईगाव, गास या गावांचे रस्ते मुळात बैलगाडीचे. दोन्ही बाजूंना वाड्यांचे दगडी बांध, आत केळी आणि फुलझाडं. तिथे निदान बावखल, म्हणजे वाडीतलं छोटं तळं, असतं, गरज पडली तर पंपाने पाणी उचलता येतं. पूर्वेची गोष्ट निराळी. सिडकोला 1990 साली वसई-विरार पट्ट्याचं नियोजन प्राधिकरण नेमलं गेलं. चार नगर परिषदा आणि आजूबाजूची गावं मिळून 3 जुलै 2009 रोजी महापालिका झाली. 2011च्या जनगणनेत लोकसंख्या 12 लाखांवर गेलेली होती. नियोजनाचे कागद तयार होईपर्यंत चाळी आणि चार-चार मजल्यांच्या इमारती एकमेकींना खेटून उभ्या राहिल्या होत्या. वालीव, गोखिवरे, सातिवलीचे औद्योगिक गाळे याच घाईत वाढले. तिथे प्लास्टिक, थर्माकोल, रसायनं आणि भंगार एकाच आवारात सापडतं.

नियम तसे स्पष्ट आहेत. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार उंच इमारतीसमोर किमान 12 मीटर रुंद रस्ता लागतो, आवाराचं फाटक किमान 6 मीटर, आतल्या वळणाची त्रिज्या 9 मीटर, आणि मोकळी जागा 45 टनांची गाडी पेलणारी. पण हे आकडे नकाशा मंजूर करून घेणाऱ्यासाठी आहेत. ज्या इमारतीचा नकाशाच मंजुरीला गेला नाही, तिच्या फाटकाची रुंदी कोण तपासणार? नालासोपारा पूर्वेच्या अग्रवाल नगरीत राखीव भूखंडांवर उभ्या राहिलेल्या 41 इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर पाडण्यात आल्या.

26 ऑगस्ट 2025च्या मध्यरात्री विरार पूर्वेला रमाबाई अपार्टमेंट कोसळली आणि 17 जणांचा जीव गेला. ती आग नव्हती, पण गल्लीचा प्रश्न तोच होता. दाट वस्तीत मोठी यंत्रं लगेच आत नेता आली नाहीत आणि सुरुवातीला ढिगारा हातांनी उपसावा लागला.

तरी सगळं खापर गल्लीवर फोडू नये. 23 एप्रिल 2021च्या पहाटे विरार पश्चिमेच्या विजय वल्लभ रुग्णालयात अतिदक्षता विभागात आग लागली आणि त्या दिवशी 13 कोविड रुग्ण दगावले. आग दुसऱ्या मजल्यावर होती. तिथे सत्तर मीटरची शिडी असून काही फरक पडला नसता. बंद खोली, धूर आणि जागचे हलू न शकणारे रुग्ण हा तिथला प्रश्न होता. शिडी विकत घेतली की शहर सुरक्षित झालं, असं मानणाऱ्यांनी ही पहाट लक्षात ठेवावी. मुंबईत 9 मे 2015 रोजी काळबादेवीच्या गोकुळ निवासाच्या आगीत मुख्य अग्निशमन अधिकारी सुनील नेसरीकर यांच्यासह चार अधिकारी गेले. त्या दलाकडे उंच शिड्यांची वानवा नव्हती.

वसई-विरारला शिडीइतकीच तिच्या वाटेची यादी लागेल. कुठली कमान बुटकी, कुठल्या गटारावर भार चालत नाही, कुठलं फाटक आत उघडतं आणि कुठलं रस्त्यावर, गणपतीत मंडप कुठे रस्ता खातो. यातलं बरंचसं पाण्याच्या टँकरवाल्यांना आधीच पाठ आहे. पाणीटंचाईच्या या शहरात सर्वात जड गाड्या सर्वात अरुंद गल्ल्यांत रोज तेच नेतात, आणि कुठल्या वळणावर चाक बसत नाही हे त्यांना मोजपट्टीशिवाय कळतं. त्यांच्या बेफाम चालवण्याबद्दलची तक्रार रास्त आहे, पण ही माहिती त्यांच्याकडून घ्यायला हरकत नसावी. एखाद्या रविवारी, आगीची वर्दी नसताना, शिडीची गाडी एका प्रभागातून रिकामी फिरवावी, जिथे ती अडेल तिथे खडूने खूण करावी, आणि त्या खुणा सोमवारी बांधकाम विभागाच्या टेबलावर द्याव्यात.