मुलीने आखाड्यात उतरावे काय?

वैनगंगेच्या काठाने, बालाघाटपासून गोंदियापर्यंत, आपल्या गावांतील मुली आता शाळेच्या पटांगणावर कबड्डी खेळतात, कुस्ती आणि ज्युदो शिकतात, स्पर्धेसाठी परगावी जातात. उद्या त्यांतील एखादी घरी येऊन म्हणेल, ‘बाबा, मला झुंजीचा खेळ खेळावयाचा आहे, आणि त्यावरच पोट भरावयाचे आहे.’ तेव्हा आईबापांनी काय उत्तर द्यावे? नुसते ‘नाही’ म्हणणे सोपे आहे आणि नुसते ‘हो’ म्हणणे त्याहूनही सोपे. आम्हांस वाटते, उत्तर देण्यापूर्वी या वाटेने गेलेल्या स्त्रियांचे काय झाले ते जाणून घ्यावे.

हा खेळ म्हणजे मिक्स्ड मार्शल आर्ट्स. यात ठोसा आहे, लाथ आहे, कुस्तीतील पटकणे आहे आणि सांधा पिळून प्रतिस्पर्ध्यास हार मानावयास लावणेही आहे. हार मानणारा हाताने थोपटून खूण करतो आणि पंच तत्काळ झुंज थांबवितो. या खेळातील सर्वांत नावाजलेली संस्था यूएफसी हिने १९९३ साली अमेरिकेतील डेन्व्हर येथे पहिले सामने भरविले. त्या वेळी वजनगट नव्हते आणि नियम अगदी थोडे होते. पुढे नियम कडक झाले, वजनगट ठरले, आणि २०१३ साली तेथे प्रथमच स्त्रियांची झुंज झाली. आज साधारण झुंज पाच-पाच मिनिटांच्या तीन फेऱ्यांची असते. ती निकाली न झाल्यास तीन परीक्षक गुण देऊन विजेता ठरवितात.

उत्तर प्रदेशातील मुझफ्फरनगर जिल्ह्यातील पूजा तोमर हिने ८ जून २०२४ रोजी अमेरिकेतील लुईव्हिल शहरी ब्राझीलच्या रायान दोस सांतोस हिला हरविले आणि यूएफसीमध्ये झुंज जिंकणारी ती पहिली भारतीय ठरली. दोन परीक्षकांनी कौल पूजाच्या बाजूने दिला, तर एकाने तिच्याविरुद्ध. एवढा तो विजय निसटता होता. हिचे वडील लहानपणीच गेले. आईने मुलींना वाढविले. वूशू या चिनी युद्धकलेत पूजाने राष्ट्रीय विजेतेपदे मिळविली, आणि मग ती या खेळाकडे वळली. आशियातील वन चॅम्पियनशिप या संस्थेच्या सामन्यांत तिच्या वाट्याला पराभवच अधिक आले. तरी ती परतली, भारतातील मॅट्रिक्स फाइट नाइटची विजेती झाली आणि २०२३ साली यूएफसीने तिच्याशी करार केला. मार्च २०२५ मध्ये लंडन येथे आयर्लंडच्या शॉना बॅनन हिने दुसऱ्या फेरीत हाताचा पेच टाकून तिला हार मानावयास लावली. जय-पराजयाचा हिशेब या धंद्यात असाच चालतो.

पूजाच्या आधी आपल्या मुंबईच्या मंजित कोलेकर हिने ही वाट तुडविली होती. सुपर फाइट लीगमध्ये नाव कमावल्यावर तिला अमेरिकेतील केवळ स्त्रियांच्या इन्व्हिक्टा या संस्थेचे बोलावणे आले, आणि सप्टेंबर २०१६ मध्ये ती कॅन्सस सिटी येथे झुंजली. ती झुंज कालीन मेदेरोस हिने जिंकली. पण मुंबईची मराठी मुलगी तेथवर पोहोचली, हे लक्षात ठेवावयास हवे.

आता वाचकांना आम्ही सत्तर वर्षे मागे नेतो. अलीगढच्या पैलवान घराण्यात वाढलेल्या हमीदा बानू १९४० व १९५० च्या दशकांत आखाडे गाजवीत होत्या. उंची ५ फूट ३ इंच, वजन १०८ किलो. त्यांचा खुराक किती आणि त्या झोपतात किती तास, हेदेखील वृत्तपत्रांतून छापून येई. १९५४ च्या फेब्रुवारीत त्यांनी आव्हान दिले, की जो मल्ल मला हरवील त्याच्याशी मी लग्न करीन. पतियाळाचा एक आणि कलकत्त्याचा एक असे दोन मल्ल त्यांनी लोळविले. मे महिन्यात बडोद्यास बाबा पैलवान यांना त्यांनी १ मिनिट ३४ सेकंदांत चितपट केले. त्याच वर्षी मुंबईत रशियाच्या व्हेरा चिस्तिलिन हिला त्यांनी एका मिनिटाच्या आत हरविले.

पण महाराष्ट्राने त्यांना काय दिले? पुण्यास रामचंद्र साळुंके यांच्याशी ठरलेली कुस्ती स्थानिक कुस्ती संघटनेच्या विरोधामुळे रद्द झाली. कोल्हापुरात त्यांनी एका पुरुष मल्लास हरविले, तेव्हा प्रेक्षकांनी हुर्यो उडविली आणि दगड फेकले. पोलिसांना मध्ये पडावे लागले. बंदीविरुद्ध त्यांनी तेव्हाचे मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे दाद मागितली. उत्तर आले, की बंदी त्या स्त्री आहेत म्हणून नाही. ठेकेदार त्यांच्यासमोर नुरा कुस्तीचे मल्ल उभे करतात अशा तक्रारी आहेत म्हणून आहे. म्हणजे संशय घेतला गेला ठेकेदारांवर, आणि कुस्ती बंद पडली हमीदा बानूंची.

पुढील हकिकत अधिक दुःखद आहे. त्यांच्या नातवाने पुढे सांगितले, की त्या कुस्तीसाठी युरोपला जाऊ इच्छीत होत्या. ते मान्य नसल्यामुळे त्यांच्या सोबतच्या पैलवानानेच त्यांना मारहाण करून त्यांचे हात मोडले. कल्याण येथे त्या दुधाचा व्यवसाय करीत होत्या. तोही चालेना तेव्हा रस्त्याच्या कडेला खाद्यपदार्थ विकून त्यांनी दिवस काढले. १९८६ साली त्या वारल्या. ४ मे २०२४ रोजी गूगलने आपल्या पहिल्या पानावर त्यांचे चित्र झळकविले, तेव्हा अनेकांनी त्यांचे नाव प्रथमच ऐकले.

चित्र झळकले मे महिन्यात, आणि पूजा तोमर जिंकली पुढच्याच महिन्यात. या दोघींच्या सामर्थ्यात फारसा फरक आहे असे आम्हांस वाटत नाही. फरक आहे तो सामर्थ्याभोवतीच्या कुंपणात. पूजासमोर तिच्याच वजनाची स्त्री उभी असते, निकाल परीक्षक देतात, आणि लेखी करार तिच्या नावे असतो. हमीदा बानूंना यांतील काहीच मिळाले नाही. त्या कुस्त्या जिंकत राहिल्या, पण आखाड्याबाहेर त्यांचे म्हणून कोणी उभे राहिले नाही.

नियम आले म्हणून धोका मात्र गेलेला नाही. डोक्यावर वारंवार बसणारा मार मेंदूस इजा करतो, आणि ती बाहेरून दिसत नाही. वजनगटात बसण्यासाठी खेळाडू अंगातील पाणी घामाने काढून टाकतात. डिसेंबर २०१५ मध्ये फिलिपाइन्समधील मनिला येथे यांग जियान बिंग हा २१ वर्षांचा चिनी खेळाडू झुंजीआधीच, वजन उतरविताना दगावला. त्यानंतर वन चॅम्पियनशिपने वजन घेताना अंगात पुरेसे पाणी आहे की नाही हेही तपासावयास आरंभ केला. हा नियम एका तरुणाच्या प्राणाच्या मोलाने आला.

तेव्हा आईबापांनो, मुलगी विचारील तेव्हा तिच्या डोळ्यांत डोळे घालून काही प्रश्न जरूर विचारा. आधी कुस्ती, ज्युदो, मुष्टियुद्ध किंवा वूशू यांपैकी एक विद्या नीट शिकशील ना? हरियाणाची रितू फोगाट आधी कुस्तीत देशासाठी पदके मिळवून २०१९ मध्ये या खेळात आली. पूजाही अशीच आली. शिकविणारा कोण आहे, आणि तालमीत इतर मुली आहेत काय? डोक्यास मार लागल्यावर सराव बंद ठेवण्याचा अधिकार कोणाचा, वैद्याचा की ठेकेदाराचा? करारावर सही करण्यापूर्वी तो घरात कोणी वाचला काय? आणि शेवटचा प्रश्न, जो हमीदा बानूंना कोणी विचारला असता तर बरे झाले असते: अंगातील जोर ओसरल्यावर पोटाचा उद्योग कोणता? त्यासाठी शाळा सोडता कामा नये.

या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असली, तर शेजारी काय म्हणतील या भयाने मुलीस अडवू नये. आणि ती हरून आली, तर तिच्यासाठी घराचे दार तितकेच उघडे असावे, जितके जिंकून येणारीसाठी असते.